बदललेला बिट्टू

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, जालन्यातल्या एका खासगी दवाखान्यात माझ्या नावाने चाळीस हजार रुपये अनामत भरली. हजर: माझी बायको मंदा, धावड्याहून आलेली माझी थोरली बहीण आक्का आणि चाकांच्या खुर्चीत मी. मुलगा अमोल आणि सून प्रतीक्षा अजून रस्त्यात होते. पैसे मंदाने मोजले. आधी मी दोनदा मोजले होते आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला होता.

मी एका बियाण्यांच्या कंपनीत हिशेब सांभाळतो. आयुष्यभर तेच केलं. पाचशेच्या ऐंशी नोटा मला मोजता येऊ नयेत, हे माझ्या बाबतीत खोकल्यापेक्षा मोठं लक्षण होतं. ते मला कळत होतं, पण सांगता येत नव्हतं. वाक्य अर्ध्यावर येईपर्यंत दम संपत होता.

मला वैद्यकीतलं कळत नाही. ज्यांच्या घरात पिंजरा आहे आणि पिंजऱ्यात पाखरू आहे, त्यांनी वाचावं म्हणून झालं तसं लिहितो.

*

प्रतीक्षा आष्टीची. उन्हाळ्यात लग्न झालं आणि ती जालन्यात मस्तगडच्या आमच्या घरी आली, तेव्हा कपाट, भांडी यांच्यासोबत एक पिंजराही आला. त्यात तुरेवाल्या, करड्या-पिवळ्या पक्ष्यांची जोडी. दुकानदार त्यांना कॉकटेल म्हणतात. आक्काने नाव ऐकलं आणि म्हणाली, "बाई बाई, दारूचं नाव अन पाखराला? उद्या पोराचं नाव बिअर ठेवताल."

नराचं नाव बिट्टू, मादीचं चिंगी. बिट्टू प्रतीक्षाच्या शिट्टीला शिट्टीने उत्तर द्यायचा. ती स्वयंपाकघरातून तीन सूर काढायची, हा गॅलरीतून तेच तीन सूर परत करायचा. मला कौतुक वाटायचं. एकही सूर कधी कमी पडला नाही.

दिवाळसणाला रीतीप्रमाणे अमोल आणि प्रतीक्षा आष्टीला गेले. तिथून तिच्या आईवडिलांसोबत त्यांचं कोकणात फिरायला जायचं ठरलं होतं. पाखरं माझ्या ताब्यात आली. जाताना प्रतीक्षाने सांगितलं, "पप्पा, ट्रेमधला कागद रोज बदला अन ओल्या फडक्यानं पुसून घ्या. बस, एवढंच."

मी मात्र माझी पद्धत काढली. ओल्यापेक्षा वाळलेलं स्वच्छ निघतं, असा माझा समज. ट्रे दोन-दोन दिवस वाळू द्यायचा, मग पत्र्याच्या तुकड्याने खरवडायचा, ब्रशने झाडायचा. जी भुकटी निघेल ती कढीपत्त्याच्या कुंडीला खत म्हणून. गॅलरी काचेने बंद केलेली. सकाळच्या उन्हात भुकटी तरंगताना दिसायची. मी ट्रेवर वाकलेलो असायचो. चष्मा लावून, म्हणजे बराबर साफ झालं की नाही ते दिसावं.

वसुबारसेपासून बिट्टू फुगून बसायला लागला. पिसं उभी, डोळे अर्धे मिटलेले, त्यांतून पाणी. विष्ठा हिरवी, पातळ. शिट्टी बंद. मला वाटलं, पोरीची आठवण काढतोय. पाडव्याच्या सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला होता.

*

इथे आम्ही नवराबायकोने जे केलं, ते आमच्यासारख्याच घरात होऊ शकतं.

आमच्याकडे नवी सून आली की पुढचं वर्षभर घरात जे मोडेल, हरवेल, मरेल ते तिच्या नावावर चढतं. लग्नानंतर पंधरवड्यात धावड्याच्या शेतातली बोअरची मोटार जळाली. आक्का हसत हसत म्हणाली होती, "नव्या नवरीचा पायगुण हाय, दुसरं काय." चेष्टाच होती. पण प्रतीक्षा त्या रात्री जेवली नाही.

यंदा कापूस वेचणीमुळे आक्काला भाऊबीजेला येणं जमणार नव्हतं. तिने निरोप दिला होता, तुळशीच्या लग्नापर्यंत चालतं, तेव्हा येऊन ओवाळीन.

मंदा पिंजऱ्यापुढे उभी राहून म्हणाली, "पोरीला काय सांगायचं आता? पहिली दिवाळी हाय तिची."

"आल्यावर सांगू."

"अन आक्का? त्या तिच्याआधी येतील. आल्या की आधी पिंजरा बघतील. म्हंतील, पहिल्याच सणाला घरातला जीव गेला. मंग ते धावड्यापासून आष्टीपर्यंत जाईल."

मी बिट्टूला कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. मोबाईलमधला त्याचा फोटो घेऊन पक्ष्यांच्या दुकानात गेलो. सोनं घेताना पाहिलं नाही इतकं निरखून तसाच दुसरा नर घेतला. दुकानदार म्हणाला, "काका, जोडी जमायला येळ लागतो. जबरदस्ती चालत न्हाई."

संध्याकाळी प्रतीक्षाचा व्हिडिओ कॉल आला. मी मोबाईल लांबून धरला. ती म्हणाली, "बिट्टू गप का आहे?" मंदा म्हणाली, "फटाक्याला भेलाय."

*

ताप एकादशीला आला. आधी थंडी, मग अंग मोडून निघेल असं दुखणं. डोकं असं दुखत होतं की कपाळाच्या आत कोणी पाचर ठोकतंय. खिडकीचा उजेड सहन होईना. खोकला कोरडा, किरकोळ. त्या खोकल्याकडे बघून कोणालाही छातीचं काही वाटलं नसतं.

घरी कोरोनाच्या वेळचं बोटाला लावायचं यंत्र होतं. ताप एकशे चारच्या जवळ आणि नाडी चौऱ्याहत्तर. ताप चढला की नाडी धावते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना तसं बोललो. त्यांनी स्वतः मनगट धरून मोजलं, तेवढीच भरली. त्या दिवसांत गावभर डेंग्यूची साथ होती. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, गोळ्या दिल्या आणि दम लागला तर थांबू नका, असं बजावलं.

आक्का आली तेव्हा मी गोधडीत होतो. तिने निरांजनाचं ताट पिशवीतून काढलंच नाही. "तापलेल्या माणसाला ओवाळीत नसतेत," म्हणाली. "आधी उठून बस, मंग ओवाळते. अन ओवाळणी दुप्पट घेईन, येळ लावला म्हणून."

मग गॅलरीत गेली. पिंजऱ्यापाशी उभी राहिली. मी आणि मंदा एकमेकांकडे बघत राहिलो. ती परत आली आणि म्हणाली, "पाखरं भांडली काय? एक या टोकाला, एक त्या टोकाला."

डेंग्यू निघाला नाही. तुळशीचं लग्न लागत होतं तेव्हा मी संडासातून पलंगापर्यंत आलो आणि पुढची काही मिनिटं नुसता श्वास घेत बसलो. मंदाने विचारलं, चहा ठेवू का? मी "अर्धा" एवढंच म्हणू शकलो. सकाळी नखं निळसर दिसली. यंत्रात प्राणवायू सत्त्याऐंशी. आक्काने शेजाऱ्याला गाडी काढायला लावली.

*

अतिदक्षता विभागात घड्याळ होतं, पण माझ्या डोक्यामागे. छातीचा फोटो काढला तेव्हा उजव्या बाजूला पांढरं होतं. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे. नाकातोंडावर घट्ट मास्क बसवला. त्यातून यंत्र हवा आत ढकलतं. आपण श्वास सोडतो न सोडतो तोच पुढची हवा येते. वादळात तोंड उघडून उभं राहिल्यासारखं. पट्टे कानामागे रुततात, नाकाचं हाड सोलतं. पाणी मागता येत नाही. मास्क क्षणभर काढला तरी पडद्यावरचा आकडा घसरायचा आणि यंत्र ओरडायचं.

अमोल येऊन पोचला. तो थेट दवाखान्यात आला. प्रतीक्षाही त्याच्यासोबत, पण आत एकालाच सोडत. एक तरुण डॉक्टर माझ्या पलंगाशी उभे राहून अमोलला विचारत होते. प्रवास? साखर? दारू, सिगारेट?

"न्हाई. काहीच नाही."

"घरात गुरं, कोंबड्या, पक्षी?"

"गुरं गावाकडे. घरी दोन कॉकटेल आहेत."

"आजारी वगैरे?"

"एकदम ठणठणीत आहेत. परवाच व्हिडिओवर पाहिले."

डॉक्टरांनी लिहून घेतलं.

त्या क्षणी मला कळलं. ज्याअर्थी विचारतात, त्याअर्थी संबंध असतो. मी मान हलवली. नाही, नाही. अमोल म्हणाला, "पप्पा, शांत राहा." मी हात वर केला आणि बोटं पंखासारखी फडफडवली. त्याने छताकडे पाहिलं. "गरम होतंय का?" त्याने सिस्टरला सांगून एसी वाढवला.

मी पुन्हा फडफडवलं. त्याने आणखी वाढवला.

मी मास्कला हात घातला. सगळ्यात मोठी भीती मला कोणती वाटली, ती इथे सांगायला हवी. मरणाची वाटली, पण ती दुसऱ्या नंबरची. पहिली ही, की उत्तर माझ्यापाशी आहे, मी त्याच्यासकट इथे कोंडलो आहे आणि बाहेर सगळी शहाणी माणसं चुकीच्या आकड्यावर हिशेब करत आहेत. मास्क सुटला, यंत्र ओरडलं, दोन सिस्टर धावत आल्या. डॉक्टर म्हणाले, गोंधळलेले आहेत, ओढून काढतील. माझे हात पलंगाच्या दांडीला पट्टीने सैलसर बांधले. सिस्टर प्रेमाने म्हणाली, "काका, तुमच्या भल्यासाठीच." ते खरंच होतं. तिच्यावर माझा राग नाही.

आणि गोंधळही खोटा नव्हता. मध्येच वाटायचं, मी गोदामात आहे आणि पोत्यांचा साठा जुळत नाही. यंत्राची शिट्टी वाजली की बिट्टू वाटायचा. स्वतःची परीक्षा म्हणून सतराचा पाढा म्हणायला घेतला, तर पाचापुढे रस्ता सापडेना. मग भानावर आलो की बांधलेले हात दिसायचे.

मंदा भेटीच्या वेळी आली. तिने ओल्या कापसाने माझे ओठ पुसले. मी डोळ्यांनी तिला विनवत होतो. ती समजली की मी निरोप घेतोय, आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली. तिला दोष कसा देऊ? पाखरू मरतं आणि माणसाच्या छातीत पाणी होतं, यांत काही नातं असेल हे तिच्या मनातही नव्हतं. तिला कोणी विचारलंही नव्हतं.

अमोलला डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं की औषध लागू पडत नाही, लिव्हरचे आकडेही बिघडलेत, उद्या सकाळपर्यंत मास्कवर भागलं नाही तर घशात नळी घालावी लागेल. त्याच्या सह्या घेतल्या. हे मला ऐकू आलं. आयसीयूतल्या माणसाला ऐकू येत नाही, असा बाहेरच्यांचा समज असतो.

*

त्याच दुपारी अमोलने प्रतीक्षाला आंघोळ करून डबा आणायला घरी पाठवलं. ती परत आली ती डब्याशिवाय. भेटीची वेळ संपत आली होती. ती माझ्याजवळ आली, बांधलेला हात धरला आणि हळू विचारलं, "पप्पा, बिट्टू मेला का?"

मी मान हलवली. हो.

"आजारी होता?"

हो.

"अन पिंजरा तुम्ही झाडला? कोरडा?"

मी डोळे मिटले.

ती म्हणाली, "मी शिट्टी दिली. त्यानं माझ्याकडं पाह्यलंच नाही. तो माझा न्हाईच. अन डॉक्टर पाखरांचंच विचारत होते म्हणे." मग माझा हात सोडून बाहेर गेली.

बाहेर काय झालं ते मला मंदाने एकदा आणि आक्काने एकदा सांगितलं. दोघींनी वेगवेगळं सांगितलं, तरी जुळतं. मोठे डॉक्टर राउंडला येत होते. दाराशी अमोल, मंदा, आक्का. प्रतीक्षा सरळ डॉक्टरांकडे निघाली. मंदाने तिचा हात धरला. "अगं, आक्का हायेत. नंतर बोलू."

"नंतर कधी, मम्मी?"

मग ती डॉक्टरांना म्हणाली, आक्काला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "सर, माझा पक्षी दिवाळीत आजारी होऊन मेला. घरात आहे तो दुसरा. पप्पांनी त्याची घाण कोरडी खरवडलीये. माझ्या पाखरामुळं झालं असेल तर तसं लिहा, पण आत्ता लिहा."

मंदा म्हणते, आक्का गप्प राहिलेली तिने जन्मात पहिल्यांदा पाहिली.

मोठे डॉक्टर आत आले, माझा कागद उघडला, तापाचे आणि नाडीचे आकडे बोटाने खाली खाली बघत गेले. "ताप इतका आणि नाडी एवढीच," ते स्वतःशीच म्हणाले. तोच न जुळणारा आकडा. मला रडू आलं. मास्कमध्ये रडणं कठीण असतं, नाक गळतं आणि पुसता येत नाही.

त्यांनी नाव घेतलं: सिटॅकोसिस. म्हणजे पक्ष्यांपासून होणारा ताप, तो छातीत उतरतो. तपासणीचा नमुना त्यांनी बाहेरगावी पाठवला, पण अहवालाची वाट पाहिली नाही. डॉक्सिसायक्लिन नावाचं औषध लगेच सुरू केलं. आतापर्यंत जी इंजेक्शनं चालू होती ती न्यूमोनियाचीच होती, पण या जंतूवर चालणारी नव्हती. डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांना आम्ही दिलेला आकडाच खोटा होता.

*

सकाळी नळी घालावी लागली नाही. ताप शंभरवर आला. दुसऱ्या दिवशी हात सोडले. मास्क आधी तासभर, मग जास्त वेळ काढू लागले. पहिला घोट पाण्याचा प्रतीक्षाने चमच्याने दिला. मी पहिलं वाक्य पूर्ण बोललो ते हे: "मंदाला तपासा, ती पण गॅलरीत होती." मंदाला दोन दिवस कणकण होतीच. तिने ती माझ्या काळजीपोटी सांगितली नव्हती. तिलाही गोळ्या लागल्या.

अहवाल आला तेव्हा मी भिंतीला धरून चालत होतो. डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी: साध्या फ्लूने माणूस असा होत नाही. खूप ताप आणि त्या मानाने संथ नाडी. डोळे उघडू न देणारी डोकेदुखी. खोकला थोडा, पण बोलताना वाक्य तुटणं. नखं-ओठ निळे. आणि घरच्या माणसाचं डोकं चालेनासं होणं. माझ्या नोटा, तुमच्याकडे दुसरं काही असेल. हे दिसलं तर घरी थांबू नका. आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा, घरात पाखरू आहे, आजारी होतं, मेलं. लाज, पायगुण, सणवार हे सगळं दाराबाहेर ठेवून सांगा.

*

घरी आलो. आक्का भाकरीचा तुकडा घेऊन दारात उभी. माझ्यावरून ओवाळला आणि टाकला. प्रतीक्षा मागे पिशव्या घेऊन जिन्यातच थांबली होती. आक्का तिच्याकडे वळली.

"तिथं काय करून राह्यली? ये इकडं. याच्याजवळ उभी राह्य."

"आत्या, मी..."

"गप. आम्ही सगळे शहाणे मिळून याला मारून टाकीत होतो. तू बोलली म्हणून हा आला." दुसरा तुकडा तिच्यावरून ओवाळला. मंदा पाठमोरी झाली.

आत गेल्यावर कळलं की प्रतीक्षाने पाखरं देऊन टाकायचं ठरवलं होतं. गिऱ्हाईकही पाहिलं होतं. मी म्हणालो, आजारी जोडी दुसऱ्याच्या घरी द्यायची नाही. पशुवैद्यांना बोलावलं. त्यांनी दोघांच्याही पाण्यात औषध सुरू केलं. नाव वाचलं, माझंच औषध, दीड महिना. पिंजरा आता प्रतीक्षा तोंडाला मास्क लावून, ओला करून धुते. मला गॅलरीत जाऊ देत नाहीत. काचेतून बघतो. नव्या नराचं नाव अजून ठेवलेलं नाही.

मार्गशीर्ष लागला होता, तरी आक्काने भाऊबीज केली. "मला कोण विचारणाराय," म्हणाली. मी ताटात पाचशे एक ठेवले. दुप्पट मागायची ती विसरली, की विसरल्यासारखं केलं. नोट आणि नाणं उचलून तिने प्रतीक्षाच्या हातात दिलं.

"पिंजरा मोठा घे," म्हणाली. "कोंडल्यावानी बसतेत दोघं. बघवत न्हाई."

पाचशे एकात तेवढा पिंजरा येत नाही. वरचे अकराशे मी दिले, त्याच दुकानदाराला. पैसे घेताना त्याने विचारलं, "जोडी जमली का, काका?"

मी म्हणालो, "जमून राह्यली."